म्हैस पान्हवते म्हणजे कासेत नेमकं होतं काय?

मागच्या दिवाळीला मी मामाच्या गावाला गेलतो, अहमदपूर तालुक्यात, आणि तिथं गोठ्यात एक वेगळंच प्रकरण चालू होतं. मामानं दसऱ्याच्या आधी जनावरांच्या बाजारातून म्हैस आणली होती, इकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की वेळेला सहा लिटर देती, बाजारात धार काढून दाखवली तेव्हा दिलंही तेवढं. घरी आल्यावर आठ दिवसांत रेडकू मेलं आणि म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली. कास टम्म भरलेली, पण सड ओढून ओढून मामीची बोटं दुखायची आणि चरवीत येणार पाव-अर्धा लिटर. मग शेजारच्या एकानं बिनलेबलची प्लास्टिकची छोटी बाटली आणून दिली, पाण्यासारखं औषध, म्हणाला दोन सीसी मारा, मिनिटात सोडती बघा. आणि खरंच सोडलं तिनं.

मामाचं पोरगं बारावीला, लातूरला नीटचा क्लास लावलेला. त्यानं मला गाठलं, कारण मी बायोलॉजी शिकवतो. म्हणाला, "दादा, ऑक्सिटोसिन, पोस्टिरिअर पिट्युटरी, मिल्क इजेक्शन, एवढं सगळं मला पाठ हाय. पण सुई टोचली मानंला आणि कळलं कासेला, ते कळतंय कसं? ते औषध आत जाऊन करतं तरी काय?"

खरं सांगू का, पाठ असणं आणि हा प्रश्न पडणं यात लई अंतर आहे, माझ्या क्लासमधल्या शंभर पोरांत एकाला पडत असेल. तेव्हा मी त्याला फटाक्यांच्या आवाजात अर्धंमुर्धं सांगितलं होतं, आता नीट लिहितो.

आधी सुई सोडा, रेडकू जिवंत असतं तेव्हा काय होतं ते बघू. रेडकू कासेला ढुसण्या मारतं, सड तोंडात घेतं, ती जाणीव नसांमधून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात जाते. तिथं काही मोठ्या मज्जापेशी आहेत, न्यूरॉन म्हणा, त्यांचं काम ऑक्सिटोसिन बनवायचं. हे न्यूरॉन आपली लांब शेपटी खाली पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात सोडून बसलेले असतात आणि त्या शेपटीच्या टोकाला ऑक्सिटोसिन बारीक बारीक पुड्यांत बांधून तयार ठेवलेलं असतं. सिग्नल आला की पुड्या फुटतात, माल थेट रक्तात पडतो, रक्तातून कासेत जातो. म्हणजे सुई काय करते तर हा सगळा वरचा रस्ताच टाळते, माल सरळ रक्तात टाकते, मान असो नाहीतर पुठ्ठा, रक्त सगळीकडं फिरतंच. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग इथं संपला.

आता दुसरा अर्धा, आणि मजा सगळी यातच आहे.

ऑक्सिटोसिन हे न्यूरोपेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ, आणि न्यूरो म्हणजे ती न्यूरॉननं बनवलेली. ऑक्सिटोसिनच्या माळेत फक्त ९ मणी. पहिला आणि सहावा मणी एकाच जातीचे, सिस्टीन, त्यांच्यातलं गंधक एकमेकांना धरतं, त्यामुळं सहा मण्यांचं एक कडं होतं आणि बाकीचे तीन मणी शेपटीसारखे लोंबतात. हीच माळ म्हशीत, हीच गाईत, हीच बाळंतिणीत, मण्याला मणी सारखी. व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन केमिस्टनं १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि १९५५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. म्हणून ती आज बाटलीत मिळते.

न्यूरॉन एकमेकांशी बोलायला इतरही रसायनं वापरतात, पण ती बहुतेक साधी, छोटी, टोकावरच बनतात, वापरून झाली की बरीचशी परत ओढून घेतात. पेप्टाइडचं तसं नाही. ते आधी लांब माळ म्हणून पेशीच्या मुख्य अंगात बनतं, मग कापून-छाटून बारीक होतं, पुडीत भरून टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं, आणि एकदा बाहेर सोडलं की परत घ्यायची सोय नाही, बाहेरचे एन्झाइम त्याचे तुकडे करतात. एवढा महागाचा माल कुणी उधळत नाही, त्यामुळं न्यूरोपेप्टाइड थोडंच सुटतं आणि ते ओळखणारे पेशीवरचे प्रोटीन, म्हणजे रिसेप्टर, त्याच हिशोबानं लई तेज असतात. किती तेज? ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरला साधारण एक नॅनोमोलर पुरतं. एखाद्या मोठ्या विहिरीत दहा लाख लिटर पाणी आहे असं समजा आणि त्यात एक ग्रॅम ऑक्सिटोसिन टाकून ढवळा, तेवढं पातळ! एवढ्या पाण्यात ते एक ग्रॅम ओळखायचं, आणि शेजारी तरंगणाऱ्या दुसऱ्या हजार गोष्टींना फसायचं नाही.

हा रिसेप्टर दिसतो कसा? आमच्याकडं आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, सुई वरून खाली, खालून वर. पेशीचं आवरण म्हणजे वाकळ समजा आणि रिसेप्टर म्हणजे तो दोरा, फक्त प्रोटीनचा, आणि तो बरोबर सात वेळा आरपार जातो. सात हा विषम आकडा, म्हणून दोऱ्याचं एक टोक पेशीच्या बाहेर राहतं आणि दुसरं आत. आरपार गेलेले सात तुकडे सरळ दांड्यांसारखे असतात आणि ते रांगेत नाही तर गोल उभे राहतात, कुडाच्या मेढी रोवाव्यात तसे, मध्ये पोकळी. पोकळीचं तोंड बाहेरच्या बाजूला. माणसाच्या जनुकांत असल्या सात दांड्यांच्या रिसेप्टरचे सुमारे ८०० प्रकार आहेत आणि बाजारातल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधं यांच्यावरच काम करतात, बीपीच्या गोळ्यांपासून दम्याच्या पंपापर्यंत.

जो रेणू येऊन रिसेप्टरवर बसतो त्याला लिगँड म्हणायचं. इथं लिगँड म्हणजे ऑक्सिटोसिन. त्याचं सहा मण्यांचं कडं पोकळीत खाली उतरतं आणि तीन मण्यांची शेपटी वर तोंडाशी राहते. ते धरून ठेवायला मोठी गाठ वगैरे नसते, छोट्या छोट्या ओढी असतात, कुठं तेलकट भाग तेलकट भागाला चिकटतो, कुठं हायड्रोजनची सैलशी पकड, आणि ऑक्सिटोसिनच्या बाबतीत तर एक मॅग्नेशियमचा आयन मध्ये येऊन दोघांना धरतो, तो नसला तर पकड ढिली पडते. एकेक ओढ कच्ची, पण दहा-पंधरा एकदम लागल्या की मग ते बसतं. आणि कच्च्या आहेत म्हणूनच सुटतं पण, हे विसरू नका, न सुटणारा सिग्नल कुणाच्या कामाचा नाही.

शाळेत आपल्याला शिकवतात कुलूप आणि किल्ली. मीपण शिकवतो, पेपरात तेच लिहायचं असतं. पण मला ती उपमा आवडत नाही, कारण किल्ली फिरवल्यानं कुलपाचा आकार बदलत नाही आणि इथं तर सगळा खेळ आकार बदलण्याचा आहे. रिसेप्टर काय गप उभा नसतो, तो सारखा थरथरत असतो, कधी या ठेवणीत कधी त्या ठेवणीत, बहुतेक वेळ बंद ठेवणीत. लिगँड बसला की तो चालू ठेवणीलाच पसंती द्यायला लागतो. बाहेरच्या तोंडाशी दांडे थोडे आवळतात आणि आतल्या बाजूला सहावा दांडा बाहेर कलतो. अॅड्रेनलिनच्या एका रिसेप्टरचं, त्याच्या आतल्या जोडीदारासकट (जी-प्रोटीन, ते पुढं येतंच), चित्र २०११ मध्ये निघालं, त्यात तो दांडा १४ अँगस्ट्रॉम सरकलेला दिसला, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा हिस्सा पण नाही, पण त्या मापाच्या दुनियेत अख्खा दरवाजा उघडल्यासारखं. हे काम केलेले ब्रायन कोबिल्का आणि त्याचे गुरू रॉबर्ट लेफकोविट्झ या दोघांना २०१२ चं नोबेल मिळालं.

आता नीट ऐका, कारण पोरं इथंच चुकतात: सिग्नल द्यायला ऑक्सिटोसिन पेशीच्या आत जात नाही. दारावरच थांबतं. आत जाते ती फक्त दांडा कलल्याची खबर.

खबर घेणारा आत टपूनच बसलेला असतो, त्याचं नाव जी-प्रोटीन. तीन तुकड्यांचं, अल्फा, बीटा, गॅमा. अल्फाच्या मुठीत जीडीपी नावाचा छोटा रेणू असतो आणि तो मुठीत आहे तोवर तिघं चिकटून गप. दांडा कलला की आत खाच तयार होते, अल्फा त्या खाचेत घुसतो, घुसताना मूठ सैल होते, जीडीपी गळून पडतो आणि पेशीत भरपूर फिरत असलेला जीटीपी त्या जागी बसतो. बसला की अल्फा बाकी दोघांपासून सुटतो आणि कामाला पळतो. बोअरच्या मोटरचा स्टार्टर आठवा. तुम्ही बोटानं हिरवं बटन दाबता, बोटाची ताकद ती किती, पण त्यानं आतला कॉन्टॅक्टर खटकन बसतो आणि पाच एचपीची मोटर सुरू होते. मोटर तुमच्या बोटाच्या ताकदीवर चालत नाही, ती लाइटवर चालते, बोट फक्त सांगतं. पेशीतपण ताकद पेशीचीच असते.

कासेतल्या पेशीत जो अल्फा आहे त्याची जात क्यू, म्हणून जी-क्यू. तो पळत जाऊन आवरणाच्या आतून चिकटलेल्या एका एन्झाइमला जागं करतो, फॉस्फोलायपेज सी. हा एन्झाइम आवरणातल्याच एका चरबीच्या रेणूचे दोन तुकडे करतो. एक तुकडा, डीएजी, आवरणातच राहतो आणि दुसरीकडची कामं लावतो, त्याला इथं सोडू. दुसरा तुकडा आयपी-थ्री, तो पाण्यात विरघळतो आणि पेशीत आत सुटतो. आत पेशीचं शेततळं आहे, पाण्याचं नाही, कॅल्शियमचं. आरामात बसलेल्या पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीनं कमी ठेवलेलं असतं, पेशी रात्रंदिवस पंप चालवून ते बाहेर किंवा या तळ्यात ढकलत असते, एवढा खर्च कशासाठी, तर वेळ आली की एकदम सोडता यावं यासाठी. आयपी-थ्री तळ्याच्या दाराला लागतं, दार उघडतं, कॅल्शियम धो धो पेशीत पसरतं. ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनवर बसतं, ते पुढच्या एन्झाइमला चालू करतं, तो मायोसिनला फॉस्फेट लावतो, आणि मायोसिन म्हणजे स्नायू आखडवणारं प्रोटीन. झालं, पेशी आखडली.

कुठली पेशी? कासेत दूध बनतं ते बारीक बारीक फुग्यांत, आणि प्रत्येक फुग्याभोवती या आखडणाऱ्या पेशी जाळीसारख्या गुंडाळलेल्या असतात. जाळी आवळली की फुगा पिळला जातो, दूध नळ्यांत उतरतं, नळ्यांतून खाली सडाकडं. यालाच आपण पान्हा म्हणतो. गाईत थोडं दूध आधीच खालच्या कोठ्यात उतरून असतं, म्हशीत ती कोठी लहान, जवळजवळ सगळं दूध वर फुग्यांत अडकलेलं, म्हणून पान्हा फुटल्याशिवाय म्हशीचे सड ओढणं म्हणजे कोरड्या नळाला तोटी फिरवणं. मामीची बोटं उगाच दुखत नव्हती. १९१० मध्येच ऑट आणि स्कॉट या दोघांनी शेळीला पिट्युटरीचा अर्क टोचून हे दूध सुटताना पाहिलं होतं, रिसेप्टर हा शब्द तेव्हा असल्या कामात फारसं कुणी वापरत नव्हतं.

आता मला जे मुद्दाम सांगायचं आहे ते. ऑक्सिटोसिनच्या माळेत कुठंही लिहिलेलं नाही की "दूध सोड". तीच माळ गर्भाशयाच्या स्नायूवर बसली तर कळा येतात, कारण तिथंपण तोच रिसेप्टर, तोच जी-क्यू, तेच कॅल्शियम, फक्त आखडणारी वस्तू वेगळी. हाडाच्या किंवा केसाच्या मुळाच्या पेशीला कासेसारखं पिळायला काही नाही, म्हणून तिथं पान्हाबिन्हा काही नाही. निरोपाचा अर्थ निरोपात नसतो, ऐकणाऱ्या पेशीत असतो, तिच्याकडं कोणता रिसेप्टर आहे, त्याला आतून कोणतं जी-प्रोटीन जोडलंय, आणि पुढं कोणती मोटर बसवलीय. म्हणून मला ते "लव्ह हार्मोन" नाव ऐकलं की डोकं सरकतं. व्हॉट्सअॅपवर येतं बघा, मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढवा. १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनच नसलेले उंदीर तयार केले, त्यातल्या माद्या व्यवस्थित व्याल्या, पिलांना मायेनं जवळ पण घेतलं, फक्त दूध सुटेना आणि पिलं मेली. जोडीनं राहणाऱ्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यावर तर ही सगळी प्रेमाची गोष्ट उभी होती, २०२३ मध्ये त्यांच्यातला ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच काढून टाकला तरी त्यांनी जोड्या जमवल्या. मेंदूत ऑक्सिटोसिनला काम नाही असं नव्हे, पण मायेची बाटली भरता येत नाही एवढं नक्की.

याच्या उलट उदाहरण पण आपल्या रोजच्यातलंच आहे. ऑक्सिटोसिनची एक सख्खी बहीण आहे, व्हॅसोप्रेसिन, तिच्यातही ९ मणी, फक्त तिसरा आणि आठवा वेगळा. मे महिन्यात पारा ४३ वर गेला, तुम्ही दुपारभर रानात होता, पाणी कमी पडलं, तर लघवी पिवळीधम्मक आणि थोडी होते ना, ते हिचं काम. किडनीत तिचा जो रिसेप्टर आहे त्याला व्ही-टू म्हणतात, त्याला जी-क्यू नाही तर जी-एस जोडलेलं असतं, त्यातून सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू बनतो, त्यानं पेशीच्या आत साठवून ठेवलेले पाण्याचे नळ, अॅक्वापोरिन, वर येऊन आवरणात बसतात आणि लघवीतलं पाणी परत अंगात ओढलं जातं. तीच व्हॅसोप्रेसिन रक्तवाहिनीवर गेली की तिथं रिसेप्टर व्ही-वन, आणि त्याला जी-क्यू, म्हणजे कॅल्शियम, म्हणजे रक्तवाहिनी आवळते. बाई एकच, दोन घरी दोन कामं. आणि बहिणी इतक्या सारख्या आहेत की गडबडपण होते, बाळंतपणात ऑक्सिटोसिनची सलाईन लई जास्त आणि लई वेळ चालली तर ते किडनीतल्या व्ही-टूवर पण थोडं बसतं आणि अंगात पाणी साठायला लागतं, म्हणून डॉक्टर थेंबांचा हिशोब ठेवतात.

सगळेच न्यूरोपेप्टाइड चालू करणारे नसतात. एन्केफॅलिन नावाची ५ मण्यांची माळ १९७५ मध्ये सापडली, ती जी-आय या अजून एका जातीच्या जी-प्रोटीनवाल्या रिसेप्टरवर बसते आणि न्यूरॉनला गप करते, दुखण्याचा निरोप दाबते. अफूतलं मॉर्फिन याच जागेवर जाऊन बसतं, घरमालकाच्या खुर्चीत परका बसावा तसं. रिसेप्टर आधी सापडला, १९७३ ला, आणि मग लोकांनी विचार केला की अंगात अफूचा रिसेप्टर आहे म्हणजे अंगात अफूसारखं काहीतरी असलंच पाहिजे!

राहिलं बंद करणं. अल्फाच्या मुठीतला जीटीपी तोच स्वतः तोडतो, परत जीडीपी होतो, परत तिघं एकत्र, स्टार्टर पडला. कॅल्शियम पंपानं परत तळ्यात. पण लिगँड बाहेर ठिय्या देऊनच बसलं असेल तर? मग पेशी दुसरा उपाय करते. चालू असलेल्या रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला एक एन्झाइम फॉस्फेटचे टिळे लावतो, ते टिळे बघून अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन बसतं, जी-प्रोटीनला जागाच राहत नाही. त्यावरही भागलं नाही तर अख्खा रिसेप्टर आवरणासकट आत ओढून घेतला जातो, काही धुऊनपुसून परत वर येतात, काही मोडीत निघतात. रोज रोज बेल वाजवणाऱ्याच्या वैतागानं बेलच काढून ठेवली म्हणा. गर्भाशयाच्या पेशींवर तासन् तास ऑक्सिटोसिन ठेवलं की त्या असंच ऐकेनाशा होतात.

म्हशीत यावर अजून एक भर पडते. बाहेरून सुई आली की ढुसणी, आंबोण, चरवीचा आवाज, याच्याशी जोडलेली मेंदूतली सवय वापरलीच जात नाही, आणि मग म्हैस सुईशिवाय पान्हवतच नाही. मामाची म्हैस बाजारातच या सवयीची होऊन आली असणार, असा माझा अंदाज, सहा लिटर कशानं दिलं होतं ते मग कळलं. असली इंजेक्शनं मारणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे, हे मामाला माहीत नव्हतं. त्याला भीती वेगळीच होती, दुधातून ते पोरांच्या पोटात जाईल. मी सांगितलं, ती नऊ मण्यांची माळ आहे, पोटातले एन्झाइम तिला डाळीतल्या प्रोटीनसारखं तोडतात, म्हणून तर ती गोळीनं न देता टोचावी लागते. त्रास जनावराला आहे.

बाटली मामीनं फेकली. दुसऱ्या दिवशी तिनं आंबोणात सरकी पेंड जास्तीची टाकली, कोमट पाण्यानं कास धुतली आणि हातानं खालून वर चोळत बसली, बराच वेळ, कारण म्हशीला पान्हवायला गाईपेक्षा वेळ लागतो. म्हैस कान टवकारून उभी. गल्लीत पोरं लवंगी लावत होती, प्रत्येक फटाक्याला तिची कातडी थरथरायची. मला आठवलं, १९४१ ला इली आणि पीटरसन या दोघांनी मिनेसोटात नेमकं हेच केलं होतं, धारेच्या आधी गाईजवळ कागदी पिशव्या फोडल्या आणि दूध सुटायचं थांबलं. भ्यायलेल्या जनावरात अॅड्रेनलिन वाढतं, कासेच्या रक्तवाहिन्या आवळतात, वरून ऑक्सिटोसिन सुटणं पण अडतं. मी हे पोराला सांगायला तोंड उघडलं तर मामी खेकसली, "तुझं शिकवणं ऱ्हाऊ दे, ती आवाजानं बुजूलाली, जा त्या पोरांना हाकल आधी."

मग मी अर्धा तास गल्लीच्या तोंडाशी पोरांच्या लवंगीच्या माळा खिशात घालून बसलो. बऱ्याच वेळानं गोठ्यातून रिकाम्या चरवीवर पडणाऱ्या धारेचा टण्ण टण्ण आवाज आला, आणि हळूहळू फेस चढत गेला तसा तो भरीव होत गेला.